दोन सेकंद वापरलेली रायफल

२०११ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात एका लिलावात एक जुनी दुनळी रायफल विकली गेली. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सने पहिल्या महायुद्धाच्या आधी घडवलेली, .५७७ इंच बोरची. लिलावघराचं नाव जेम्स डी. ज्युलिया आणि रायफलीच्या एका माजी मालकाचं नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. बिल झालं सुमारे ३ लाख ४० हजार डॉलरचं. त्या वेळच्या भावाने दीड कोटी रुपये.

जुनी वस्तू घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : वापर किती झालाय? मोटारीचं उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं, ट्रॅक्टरचं तासांत. मोठ्या शिकारीच्या रायफलीला हा प्रश्न विचारला तर उत्तर सेकंदांत येतं, आणि तेही बोटांवर मोजण्याइतक्या. काडतुसातली दारू पेटल्यापासून गोळी दोन फुटांची नळी ओलांडून बाहेर पडेपर्यंत जेमतेम दोन मिलिसेकंद जातात. रायफलीने आयुष्यभरात हजार बार काढले असं धरलं, तर नळ्यांनी प्रत्यक्ष काम केलं ते दोन सेकंद. नळ्या दोन असल्यामुळे वाट्याला एकेकच. आणि हत्ती-गव्यासाठी घडवलेल्या रायफलीला हजार बार म्हणजे चैनच. संस्थानिकांनी विलायतेहून मागवलेल्या कितीतरी रायफली पेटीतून बाहेर निघाल्या त्या तेल लावण्यापुरत्या. त्यामुळे वय शंभर वर्षं आणि वापर अर्धा सेकंद, असा माल या बाजारात अजिबात नवलाचा नाही.

मात्र त्या दोन मिलिसेकंदांत जे घडतं त्याचे आकडे चक्रावून टाकणारे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफरी कंपनीने .६०० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं. गोळी ५८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ५९५ मीटर, ऊर्जा १०,३०० ज्यूल. नेमबाजीच्या वर्गात शिकाऊ मुलांच्या हातात देतात त्या .२२ ची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. एके-४७ ची दोन हजार. म्हणजे जेफरीची एक गोळी एके-४७ च्या पाच गोळ्यांच्या तोडीची. आता हे १०,३०० ज्यूल दोन मिलिसेकंदांत बाहेर पडतात हे लक्षात घेऊन शक्ती काढा : सरासरी एक्कावन्न लाख वॅट, म्हणजे सात हजारांच्या जवळ अश्वशक्ती. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं वॅप-७ हे विजेचं इंजिन सहा हजारांच्या थोडं वर जातं आणि त्याचं वजन १२३ टन आहे. रायफलीचं वजन सात किलो, आणि ती माणसाने खांद्याला लावलेली असते.

गंमत अशी की तीच ऊर्जा उष्मांकात मोजली तर भरते अडीच किलोकॅलरी. चहात घालतो त्या चमचाभर साखरेचा आठवा हिस्सा. हत्तीला लोळवणारी म्हणून जिची ख्याती, तिच्या एका बारात ऊर्जा एवढीच. सगळा पराक्रम घाईचा आहे.

या घाईचा मारा सोसतं ते पोलाद. .४७० नायट्रो एक्स्प्रेसला नळीत २,७०० बार (इथे बार हे दाबाचं एकक) इतका दाब मान्य आहे. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेल्या .३७५ मॅग्नमला तर ४,३०० बार. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब १,१०० बारच्या घरात असतो. म्हणजे .४७० च्या नळीत दर गोळीला त्याच्या अडीचपट दाब येतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत नाहीसाही होतो. दुनळी रायफलींचा दाब त्यातल्या त्यात कमी ठेवण्यामागे कारण होतं आफ्रिका आणि हिंदुस्थानातलं ऊन. तापल्या दिवशी कॉर्डाइट दारूचा दाब वाढायचा, रिकामं काडतूस फुगून नळीत अडकायचं, आणि समोर जखमी जनावर असताना अडकलेलं काडतूस उपटत बसणं परवडणारं नव्हतं.

म्हणूनच अशी रायफल विकत घेताना आधी कान लागतात, मग डोळे. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, खालच्या हुकात बोट अडकवून अधांतरी लटकवायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा डाख शाबूत असेल तर नाद खणखणीत उठतो आणि काही क्षण टिकतो. कुठे डाख सुटला असेल, पट्टीखाली ओल शिरून गंज धरला असेल, तर आवाज बद्द येतो. त्यानंतर नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघायचं. पिळाच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार बारानंतर नळीत उरायचा आणि हवेतली ओल ओढून घ्यायचा. संध्याकाळी मुक्कामावर येऊन नळी उकळत्या पाण्याने धुतली नाही, की गंज चढायला सुरुवात झालीच म्हणून समजा. एखाद्या साहेबाच्या नोकराने पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री केलेला कंटाळा आज शंभर वर्षांनी खड्ड्यांच्या रूपात दिसतो आणि किंमत पाडतो. शेवटी नळ्या परत बसवायच्या, पुढचं लाकूड काढून ठेवायचं, दस्ता घट्ट धरून हलवायचा. जोडात किंचित जरी खुळखुळ जाणवली, तरी ते वरच्या दाबाचं काम.

दुनळीत आणखी एक मेख आहे. दोन्ही नळ्या समांतर वाटतात, पण नसतात. बार होताना रायफल मागे येते, तशीच थोडी वर आणि बाजूलाही वळते : उजव्या नळीचा बार उजवीकडे, डाव्या नळीचा डावीकडे. हे वळणं गोळी नळीत असतानाच सुरू होतं. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं एकमेकांकडे अगदी केसभर झुकवतो, चार बार काढून बघतो, डाख तापवून पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या ठरल्या अंतरावर एकमेकींशेजारी बसेपर्यंत हे चालतं. हे सारं एका ठरावीक काडतुसासाठी असतं. नळीच्या बुडाशी चपट्या भागावर ते कोरलेलं सापडतं, उदाहरणार्थ .४७० वर ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. दुसरी दारू, दुसरा वेग वापरा, आणि त्या शेजारणी फटकून वागू लागतात. किमतीतला मोठा वाटा या पाचर सरकवण्याचा आहे. यंत्राने नळी भोकता येते, दोन नळ्यांचं असं जमवून देता येत नाही.

आता बोरांच्या भानगडीकडे येऊ. आपल्याकडे खेडोपाडी ‘बारा बोर’ सगळ्यांना ठाऊक. त्यातला बारा हा आकडा शिशाच्या हिशेबातून आला आहे : एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणजे गोळी ३८ ग्रॅमची. आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. एकोणिसाव्या शतकात हत्तीसाठी चार बोर वापरत, म्हणजे पाव पौंडाची, ११३ ग्रॅमची गोळी. नाईलच्या उगमाच्या शोधात भटकणाऱ्या सॅम्युएल बेकरजवळ हॉलंडने घडवलेली एक बंदूक होती, तिच्यातून अर्ध्या पौंडाचा, म्हणजे २२७ ग्रॅमचा स्फोटक गोळा सुटायचा. तिचं लाडकं नाव होतं ‘बेबी’. ती चालवायची खुद्द बेकरलाही धास्ती वाटे.

कॉर्डाइट आल्यावर हे अवाढव्य बोर मागे पडले. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढलं आणि अर्ध्या इंचाहून लहान गोळीने तेच काम होऊ लागलं. तिथेच गोष्ट थांबली असती, पण मध्ये आलं हिंदुस्थान सरकार. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० ची होती आणि तशा पुष्कळ रायफली सरकारला नको असलेल्या हातांत पडल्या होत्या. शिकाऱ्यांच्या काडतुसातल्या गोळ्या काढून त्यात वापरल्या जातील, या भीतीने १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात .४५० च्या आयातीवर बंदी आली. सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं तर इथलीच. मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी झपाट्याने पळवाटा काढल्या : हॉलंडने .४६५, लँगने .४७०, वेस्टली रिचर्ड्सने .४७६, आणि .४७५ तर एकाहून अधिक प्रकारचं. गोळ्यांच्या जाडीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आत, ऊर्जा सगळ्यांची सात हजार ज्यूलच्या आसपास. जनावराला यातला फरक कळणं अशक्य. आज जुनी रायफल घेणाऱ्याला मात्र तो कळावाच लागतो. .४७५ नंबर २ हे नाव असलेल्या दोन रायफलींपैकी एकीची गोळी .४८३ इंचाची आणि जेफरीवाल्या दुसरीची .४८९ इंचाची असू शकते. फरक ०.१५ मिलिमीटर. नळी मोजल्याशिवाय, नुसत्या नावावर विसंबून काडतूस भरणं हा जिवाशी खेळ.

सरकारची भीती अगदीच अनाठायी होती असंही म्हणवत नाही. कलकत्त्याच्या आर. बी. रोडा अँड कंपनीच्या दुकानातून संस्थानिक विलायती रायफली घेत. २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी याच कंपनीचा माल पळवला : ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं. फौजेचं काडतूस सामान्यांच्या हाती नको, हे धोरण स्वतंत्र भारतानेही सोडलेलं नाही. .३०३ प्रतिबंधित बोर ठरला आणि लायसन्सवाल्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यातून .३१५ बाहेर पडत राहिली. आज गावाकडे जी ‘तीनशे पंधरा’ दिसते, ती त्याच १९०७ च्या विचाराची नात आहे.

एवढ्या सगळ्या खटाटोपाचं कारण म्हणजे अंगावर धावून येणारा हत्ती. इथे शाळेतलं गणित करून बघण्यासारखं आहे. सहा टनांचा नर ताशी २५ किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला सात मीटर. तीस मीटरवर असेल तर तुमच्याकडे सव्वाचार सेकंद आहेत. .६०० ची गोळी त्याला समोरून लागली, अंगातच राहिली, तिचा सगळा संवेग त्याच्यात उतरला असं धरू. हत्तीचा वेग किती कमी होईल? सेकंदाला सहा मिलिमीटर. ताशी पंचवीसचा हत्ती ताशी २४.९८ ने येत राहील. ज्या रायफलीला बाजारात ‘थोपवणारी’ म्हणतात, ती हत्तीला धक्क्याने थोपवू शकत नाही. थोपवते ती गोळी योग्य जागी पोचली तरच, आणि ती जागा म्हणजे पोकळ्यांनी भरलेल्या भल्यामोठ्या कवटीआड दडलेला चार-पाच किलोंचा मेंदू.

धक्का खरा कोणाला बसतो, तर मागच्या माणसाला. गोळी आणि वायू पुढे जातात तेव्हा सात किलोंची रायफल सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने मागे येते. तेवढंच वजन सहा फुटांवरून सोडलं तर ज्या वेगाने खाली आदळेल तो हा वेग. दुसऱ्या महायुद्धातला शिपाई .३०३ चा जो धक्का खायचा त्याच्या ऊर्जेच्या हा साधारण आठपट. हे माहीत असलेला माणूस चाप ओढायच्या आधीच आक्रसतो, आणि नेम तिथेच चुकतो.

वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याला हे पक्कं कळलं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याने हस्तिदंतासाठी आफ्रिकेत १,०११ हत्ती मारले. त्यातले सुमारे आठशे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या साध्या माउझर काडतुसाने. गोळी ११ ग्रॅम, ऊर्जा .६०० च्या जवळपास एकचतुर्थांश. त्याने हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून मेंदू कुठे असतो ते बघून घेतलं होतं. हजार हत्तींचा हिशेब आपल्या दोन मिलिसेकंदांच्या मापात करा : प्रत्येकाला दोन गोळ्या धरल्या तरी चार सेकंदांत एक हजार अकरा हत्ती. १९३० च्या दशकात आफ्रिकेत तीस ते पन्नास लाख हत्ती असावेत असा अंदाज आहे. २०१६ च्या मोजणीत निघाले ४ लाख १५ हजार.

आपल्याकडचे आकडे याहून सुखाचे नाहीत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजार वाघ मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला चारांच्या वर, पन्नास वर्षं, एकही दिवस न चुकता. १९११ च्या डिसेंबरात पाचव्या जॉर्जने दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत तळ ठोकला, सहाशेवर हत्ती हाक्याला लावले आणि दहा दिवसांत त्याच्या मंडळींनी ३९ वाघ आणि १८ गेंडे पाडले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीने विसाव्या शतकात पेंढा भरून किंवा कमावून दिलेल्या वाघ-बिबट्यांची संख्या चाळीस हजारांच्या पलीकडे जाते. १९७२ मध्ये देशभर वाघांची गणना झाली तेव्हा १,८२७ भरले, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. २०२२ च्या अंदाजात वाघ ३,६८२, त्यातले महाराष्ट्रात ४४४.

शिकार आटली तसा रायफलींचा भाव पडायला हवा होता, आणि काही काळ पडलाही. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधल्या कायनॉक कंपनीने ही मोठी काडतुसं बनवणं बंद केलं. खायला काही नसलेल्या या रायफली तेव्हा स्वस्तात जात. मग संग्राहक आले आणि गणित उलटलं. हॉलंड अँड हॉलंडने ७० च्या दशकात ‘शेवटची .६००’ म्हणून एक रायफल विकली. पुढे विल्यम फेल्डस्टाइन नावाच्या अमेरिकी संग्राहकाने .६०० मागितली. शेवटची म्हणून विकल्यावर आणखी एक कशी बनवणार? शब्द मोडायचा नाही आणि गिऱ्हाईकही सोडायचं नाही, म्हणून १९८८ मध्ये नवंच काडतूस निघालं, .७०० नायट्रो एक्स्प्रेस : गोळी ६५ ग्रॅम, ऊर्जा १२ हजार ज्यूल, रायफल आठ किलोंच्या वर. एका काडतुसाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास गेली, म्हणजे एका चाप ओढण्याला आपले हजारो रुपये. हत्तींसाठी कधी लागलं नाही इतकं मोठं काडतूस हत्ती संपत आल्यावर जन्मलं, आणि तेही एका जाहिरातीच्या अडचणीतून. या सगळ्या व्यवहारातला मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा भाग हाच आहे, कारण इथे उपयोगाचं सोंगसुद्धा नाही.

उरलेली किंमत नावाची. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याचा मुलगा करमिट यांनी १९०९-१० च्या आफ्रिका दौऱ्यात मिळून ५१२ जनावरं मारली. त्या दौऱ्यावर नेलेली फॉक्स कंपनीची बारा बोर २०१० मध्ये ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली, हेमिंग्वेच्या रायफलीच्या अडीचपट. ती शॉटगन आहे, मोठ्या शिकारीची रायफलसुद्धा नव्हे. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी तर जातीने बेलच्याच काडतुसाची. ४३६ माणसं खाल्लेली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल ती त्याला १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी भेट दिली. तिच्या दस्त्यावरच्या लहानशा चांदीच्या पट्टीवर तसं कोरलं आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे बरीच वर्षं राहिल्यावर २०१५ मध्ये ती रिग्बी कंपनीकडे परत आली. बाजारात आलीच, तर भाव त्या पट्टीचा होईल.

जिवंत जनावराचा भाव ठाऊक असेल तर तुलना आणखी बोचते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस सफारी क्लबने नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना लिलावात काढला. ३ लाख ५० हजार डॉलर आले. काळे गेंडे १९७० मध्ये सुमारे ६५ हजार होते, नव्वदच्या दशकात अडीच हजारांच्या खाली गेले होते. म्हणजे हेमिंग्वेची जुनी रायफल आणि एक गेंडा, जवळजवळ एकाच भावात.

आपल्याकडे हा बाजार फुलण्याची शक्यता नाही. परदेशी बंदुका सामान्य माणसाने मागवणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं आणि मोठी शिकार त्याच्याही आधी. राहिल्या त्या आजोबा-पणजोबांकडून आलेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायला सांगण्यात आलं. घरात एक बारा बोर, एक .३१५ आणि पणजोबांची .४७० असेल तर हिशेब सरळ होता. पहिल्या दोघींची काडतुसं दुकानात मिळतात.